इस्त्रीची घडी

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आईचे दिवस आटोपून परत येऊन तीन आठवडे झाले. पोहोचल्याचा फोन केला तेव्हा तू "नीट पोचलास ना" म्हणालीस, मी "हो" म्हणालो, आणि मग आपण दोघंही थांबलो. आई मागून "ठेवा आता, बिल वाढतंय" असं ओरडायची, त्याची वाट बघत थांबलो असणार. ते काही आलं नाही. आपण पत्रातच बरे.

कामावर रुजू झालो. बाइंडिंगच्या कारखान्यात सगळ्यांनी हात हातात घेऊन विचारलं, आईचं वय काय होतं. चौऱ्याऐंशी म्हटलं की लोकांचे चेहरे जरा सैल पडतात, म्हणजे मग फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. मला कुणी सांगितलेलं नाही की चौऱ्याऐंशीनंतर कमी वाईट वाटतं.

आता कामाचं बोलतो. आईची सगळी पत्रं माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यांत आहेत. एकतीस वर्षांची. दर दुसऱ्या गुरुवारी एक. मी त्यांचं पुस्तक बांधायचं ठरवलंय. वर्षाच्या आत, तिच्या वर्षश्राद्धापर्यंत. दोन प्रती, एक तुला, एक मला. मुकादम म्हणाला, सुट्टी झाल्यावर शिलाईची चौकट वापर, खळ आणि पुठ्ठा इथलाच घे. हा तोच मुकादम, ज्याने पहिल्या दिवशी मला एक मोठा कागद देऊन सोळा पानांची घडी घालायला सांगितली होती. मी नखाने दाबून घातली आणि ती सुतात आली. त्याने विचारलं, कुठे शिकलास? म्हटलं, आईकडे. "ती काय बाइंडर आहे का?" नाही म्हटलं, घरीच असते. तो हसला होता. आता डबे बघून हसला नाही.

तिला अक्षर येत नव्हतं, तरी ते पत्र तिचंच आहे हे पाकीट फोडल्या फोडल्या कळायचं. तू लिहायचीस, पण घडी तिची. इस्त्रीच्या दिवशीच पत्र सांगायचं, आणि शेवटचा शर्ट झाला की उरलेल्या उबेत कागदाची तिघडी घालून वरून इस्त्री फिरवायची. मी तर लोकांना सांगायचो, आमची आई पत्र कडक इस्त्री करून पाठवते.

दोन गोष्टी हव्यात. एक, मी तिला लिहिलेली पत्रं पाठव. एक तिचं, एक माझं, असं समोरासमोर बांधलं तर बोलणं पूर्ण होईल. दुसरी, एक शंका. आई खालची बाजू आधी आत घ्यायची आणि वरची तिच्यावर. शेवटच्या चार वर्षांची घडी उलटी आहे. वरची आधी. आमच्या धंद्यात असलं आधी डोळ्यांत खुपतं, आणि मला ते आत्ता डबे उघडल्यावर दिसलं. शेवटी शेवटी तू घालत होतीस का?

तुझा,
धाकटा

* * *

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र आलं. सवयीने चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागले. दोन ओळी झाल्यावर कळलं की समोर कुणी नाही. मग मनात वाचलं. मनात वाचलेलं पत्र लवकर संपतं.

घडीचं तुझं बरोबर आहे. तिचा खांदा धरला होता, इस्त्री उचलवत नव्हती. मी घालायचे. चोवीस तास कागदाशी झटतोस म्हणून एवढंही दिसावं का तुला? लहानपणी समोर ठेवलेली चप्पल सापडायची नाही.

पुस्तकाचं म्हणशील तर माझ्या मनाला पटत नाही. घरातली भांडी घरात वाजलेली बरी. तुझी पत्रं कुठे आहेत मला आत्ता ठाऊक नाही. बाबांच्या कामाच्या पेटीत असतील, नाहीतर माळ्यावर. माझे गुडघे आता माळ्याला नमस्कार करतात, चढत नाहीत. दुकानात दिवसभर उभं राहून औषधांच्या पट्ट्या कापायच्या आणि घरी येऊन शिडी लावायची, हे होणार नाही.

त्यापेक्षा तिच्याविषयी काही लिहायचं असेल तर मी सांगते, ते लिही. याच तीन खोल्यांत एकसष्ट वर्षं. सगळ्यांच्या आधी उठायची आणि ते कुणाला कळू द्यायची नाही, म्हणून भांड्याखाली फडकं घालायची. बाबांच्या शर्टाची कॉलर घासली की उसवून उलटी शिवायची, आणि तीही घासली की त्याच शर्टातून तुझा शर्ट काढायची. हात असलेली खुर्ची घरात एकच. तिच्यात बाबा बसायचे, बाबा गेल्यावर बावीस वर्षं कुणीच बसलं नाही. मी म्हणायचे, बस की. म्हणायची, "मला उठायला त्रास होतो त्यातून." कधी बसलीच नव्हती, तर उठायचा त्रास कुठून कळला असेल?

तिने स्वतःसाठी काय मागितलं, हे परवा आठवत बसले. डोकं खाजवून खाजवून एकच गोष्ट निघाली. ती जाऊ दे.

शेवटच्या चार वर्षांत तिला काही काही उमजत नव्हतं, ते तुला फोनवर ओझरतं सांगितलं होतं. रोज सकाळी प्लग काढलेली थंड इस्त्री घेऊन बसायची, स्वतःचे दोन जोड कपडे अगदी मन लावून दाबायची, घडी घालून कापडी पिशवीत भरायची आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवायची. वर तिची फणी. विचारलं, कुठे निघालीस? तर म्हणायची, "आहे काम." मी कामावरून आले की पिशवी रिकामी करून सगळं कपाटात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमचा दोघींचा खेळच झाला होता तो. शिवणमावशी खालून वर आल्या की म्हणायच्या, आई निघाल्या वाटतं फिरायला. मी हसायचे. त्या मात्र हसायच्या नाहीत, विनोद कळत नाही त्यांना.

जेवत जा. हे तिच्यातर्फे.

तुझी,
ताई

* * *

८ मार्च

प्रिय ताई,

घरातली भांडी घरातच राहतील, दोनच प्रती आहेत. दुकान थाटत नाहीये.

सुरुवात करूनही टाकली. पहिल्या दहा वर्षांची जुजं, म्हणजे आमच्या भाषेत पानांच्या घड्यांचे जुडगे, शिवून झाली. शिवताना वाचणं होतंच. एका पत्रात आई म्हणते, "तुझ्या बाबांनी नवीन छत्री आणली आणि पहिल्याच दिवशी विसरून आले, म्हणजे छत्रीला आमचं घर काही बघायला मिळालं नाही." मी एवढा हसलो की शेजारच्या मशीनवरचा माणूस उठून आला. मग त्यालाही वाचून दाखवलं. त्याला आई नाही, तो पुन्हा पुन्हा वाच म्हणाला.

एक पत्र मात्र पहिल्या पानावर घ्यायचंय. सहा वर्षांपूर्वीचं. त्या वर्षी मी आईला इकडे पाठव म्हणून लिहिलं होतं, आठवतं ना? त्याचं उत्तर. "तू बोलावलंस यातच मी आले असं समज. पण मला हे घर सोडवत नाही. या भिंतींना माझी सवय आहे, त्यांना उगाच कशाला त्रास द्यायचा. तू सुखात राहा, मी इथे सुखात आहे." ताई, तुला खोटं वाटेल, पण हे पत्र सहा वर्षं माझ्या खिशातल्या पाकिटात होतं. नेता आलं नाही, शेवटच्या सात वर्षांत येणंही झालं नाही, असं मनात आलं की हे काढून वाचायचो. ती सुखात आहे, तिनेच लिहिलंय. मग दिवस निघायचा. त्या काळात मला एका गोष्टीची काळजी लागली होती, या पत्राने ती गेली.

घड्यांवर कागद फाटायला आलाय. मागून पातळ कागद चिकटवून घेतलाय. पहिल्या पानावर हेच असेल.

माळ्यावर दुसऱ्या कुणाला चढव, पण माझी पत्रं पाठव. निदान त्या वर्षाची.

तुझा,
धाकटा

* * *

२ एप्रिल

धाकट्या,

तीन आठवडे पेन उचलते आणि ठेवते आहे. ते पत्र पहिल्या पानावर घेऊ नकोस. दुसऱ्याही पानावर घेऊ नकोस. ते आईचं नाही.

तुझी पत्रं माळ्यावर नाहीत. माझ्या कपाटात आहेत, हाताशी, तारखेने लावलेली. माझ्या कपाटात दुसरं आहेच काय. पाठवत नव्हते कारण समोरासमोर बांधलीस की तुला लगेच कळलं असतं.

आधी लहान पाप सांगते. शेवटच्या चार वर्षांची पत्रं सगळी माझी, खांद्याचं निमित्त होतं. आईला तुझं नाव आठवत नव्हतं. कधी मलाच तू समजायची आणि शर्ट काढ, इस्त्री करते म्हणायची. हे तुला लिहून काय करणार होतास? म्हणून मी लिहीत राहिले. भिंती, भांडी, बिल, जेवलास का. जन्मभर तिचं बोलणं ऐकलं होतं, जमून गेलं. छत्रीचं पत्र तिचं आहे, ते ठेव.

आता मोठं.

सहा वर्षांपूर्वी एका गुरुवारी ती माझा कामावरचा पांढरा कोट दाबत होती आणि मी टेबलाशी कागद घेऊन. नेहमीसारखं म्हणाली, लिही, इथे सगळं ठीक. मी लिहिलं. मग म्हणाली, "लिही, मला तुझ्याकडे यायचंय. मला घेऊन जा." माझा हात थांबला. म्हटलं, थोड्या दिवसांसाठी ना? म्हणाली, "कायमचं. लिही." इथे काय कमी आहे, विचारलं. इस्त्री फिरवत राहिली. "कमी काही नाही. लिही म्हटलं तर लिही."

लिहिलं. अक्षरशः तिने सांगितलं तसं. तिने तिघडी घातली, वरून इस्त्री ठेवली आणि गॅसवर दूध होतं म्हणून आत गेली. इस्त्री तशीच कागदावर. तिच्या हातून असं जन्मात झालं नव्हतं. मी समोर बसले होते, धाकट्या. दोन हातांच्या अंतरावर. धूर यायला लागला तो मला दिसत होता. मी उचलली नाही.

ती धावत आली. मी म्हटलं, राहू दे, दुसरं लिहिते, तेच. दुसरं लिहिलं. त्यात लिहिलं, इथे सगळं ठीक, पाणी चार दिवस आलं नव्हतं, आता आलंय. तिने ते घेतलं, छान घडी घातली आणि इस्त्रीने दाबून माझ्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं हे मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे तिला माहीत होतं.

पुढे दर गुरुवारी विचारायची, त्याचं उत्तर काय आलं? मी तुझं पत्र वाचायचे. त्यात ते कुठून असणार. मग दीडेक महिन्याने तुझंच आलं, "जमलं तर आईला इकडे पाठव." मी तेवढी ओळ गाळून वाचलं. ती ऐकत होती, मान हलवत होती. "एवढंच?" म्हणाली. मी म्हटलं, एवढंच. आणि तुला ते भिंतीचं पत्र लिहिलं, जे तू पाकिटात बाळगलंस. तेही तिनेच दाबून दिलं. त्यानंतर तिने विचारलं नाही.

का केलं ते विचारशील. तू बाविसाव्या वर्षी गेलास. मी राहिले. बाबांचं दुखणं, तिचं दुखणं, तिचे दात, तिच्या गोळ्या. मी कधी बोलून दाखवलं नाही. आणि इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती म्हणते, मला मुलाकडे जायचंय. जो वर्ष वर्ष तोंड दाखवत नाही त्याच्याकडे. जवळ असेल त्याची किंमत नसते, हे मला कळत होतं. पण ते तिने मलाच लिहायला सांगावं? मला इतकं लागलं की मी आंधळी झाले. आणि खरं सांगायचं तर घाबरलेही. ती गेली असती तर मी या तीन खोल्यांत कुणाची होते?

तिने आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि मी ती जळू दिली. दोघं एकमेकांना हाक मारत होतात आणि मध्ये मी तोंडावर हात ठेवून उभी होते.

जळका कागद मी टाकला नाही. सोबत आहे. मधोमध इस्त्रीच्या आकाराचा डाग, पण शेवटची ओळ वाचता येते.

ताई

* * *

१० मे

धाकट्या,

पाच आठवडे झाले. फोन वाजतो आणि बंद होतो. भावजयीला केला तर ती म्हणाली, कामावरून उशिरा येतात, जेवतात, बसून राहतात.

शिव्या घाल. माझ्याशी नातं तोडलंस तरी मी काही म्हणणार नाही. पण ते लिहून कळव. गप्प बसू नकोस. ती शेवटी गप्पच झाली होती, आणि मला ते पुन्हा झेपणार नाही.

ताई

* * *

१९ जून

ताई,

तुझ्यावर रागावलो म्हणून गप्प नव्हतो. रागवायला मला जागाच नव्हती, हे लिहायला इतके दिवस लागले.

तू म्हणतेस की आई मला बोलावत होती आणि मला ते कळलं नाही. मला कळलं होतं.

तुझ्या त्या पाणी आल्याच्या पत्रानंतर महिन्याभराने मला एक पाकीट आलं. अक्षर अनोळखी. पण आतली घडी आईची, खालची बाजू आधी, कडक. शिवणमावशींच्या हातून लिहून घेतलं होतं. मी तेव्हा घाईघाईने तुला "आईला इकडे पाठव" लिहिलं ते त्यामुळे. आणि "जमलं तर" हे दोन शब्द माझे. आमच्या दोन खोल्या, चार जिने, मुलीची परीक्षा. मी "जमलं तर" लिहिलं आणि मनात म्हटलं, न जमो.

मग भिंतीचं पत्र आलं. ताई, मी त्याच दिवशी ओळखलं. एका हाताने आई म्हणते मला ने, दुसऱ्या हाताने म्हणते घर सोडवत नाही, आणि मला दोन्ही पत्रांतलं आईचं कुठलं ते कळणार नाही? मी कागद ओळखून पोट भरतो. पण मला तुझंच पत्र हवं होतं. ते पाकिटात ठेवलं आणि आईचं डब्याच्या तळाशी. तिने तुला सांगू नकोस अशी शपथ घातली होती. ती मी पाळली, कारण ती सोयीची होती.

आता शपथ मोडतो. पत्र सोबत पाठवतोय, पण वाटेत हरवेल या भीतीने इथेही उतरवून काढतो.

"बाळा, हे अक्षर शिवणमावशीचं आहे, घाबरू नकोस, मी बरी आहे. ताईला यातलं काही कळू देऊ नकोस. मागच्या पत्रात मी तुला ने म्हणून सांगितलं होतं. तो कागद जळला. दुसऱ्यात तिने लिहिलं नसेल असं मला वाटतं. तिच्यावर रागावू नकोस, तिला ते लागलं. तिला लागावं म्हणूनच मी तिच्याकडून लिहून घेतलं.

"तिच्या दुकानाशेजारचे चष्मेवाले आपल्याकडे दोनदा येऊन गेले. भला माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या चष्म्याच्या दांड्या घट्ट करायचं निमित्त, दांड्या काही सैल नव्हत्या. दुसऱ्यांदा आले तेव्हा दाराशी तिने त्यांना सांगितलं, 'आईला कुठे टाकू? ती आहे तोवर हा विषय नको.' सगळे म्हणतात मला ऐकू येत नाही. नेमकं तेवढं आलं. ती आहे तोवर. म्हणजे माझी पोर माझ्या मरणाची वाट बघत बसणार, आणि मी काही लवकर मरणारी दिसत नाही. माझं खाणं चांगलं आहे.

"तिला नुसतं लग्न कर म्हटलं तर करणार नाही. म्हातारी मुलाच्या ओढीने निघून गेली असं वाटू दे तिला. चिडू दे. रागाने तरी करेल. मला तिथे करमणार नाही, मला ठाऊक आहे, मला माझी चूल आणि माझी खिडकी लागते. पण ते माझं मी बघेन. एक खाट पुरे. मला तेवढी येऊन घेऊन जा. मी दोन जोड कपडे भरून ठेवते, तू आलास की लगेच निघता येईल, तिला अडवायला वेळ नको."

इथे पत्र संपतं.

मी गेलो नाही. तिने कपडे भरून ठेवले होते आणि मी गेलो नाही. तुझ्या पिशवीच्या गमतीचं पत्र फेब्रुवारीत आलं तेव्हा मी ते वाचून कारखान्याच्या मागच्या जिन्यात जाऊन बसलो होतो. तरीही पुढच्या पत्रात तुला भिंतीचं पत्र पहिल्या पानावर घेतो म्हणून लिहिलं. इतका मी पोचलेला आहे.

शिवलेली जुजं उसवून टाकली. दोरा ओढून काढला की पानं सुटी होतात, पण सुईची भोकं राहतात.

धाकटा

* * *

७ जुलै

धाकट्या,

दोन्ही मिळालं, तू उतरवलेलं आणि खरं. आधी शिवणमावशींकडे खाली गेले. त्यांनी शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगितलं, "मला वाटलं तुम्हाला कळलेलं आहे आणि तरी तुम्ही पिशवी रिकामी करता." आता कळलं त्या हसायच्या का नाहीत. सहा वर्षं त्यांनी मला काय समजून सोसलं असेल.

चष्मेवाल्यांचं तुला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं झालंच काय होतं. दोनदा आले, चहा प्यायले, एकदा विचारलं. पाच वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं आणि लेकीकडे गेले. जाताना माझा चष्मा पुसून दिला आणि म्हणाले, आता नंबर वाढला की दुसऱ्या कुणाकडे जावं लागेल. मी म्हटलं, जाईन. तिथे आता फोन दुरुस्त करतात. ते आहेत की नाहीत मला माहीत नाही, आणि आता एकोणसाठाव्या वर्षी काउंटरवरून उठून कुणाला शोधायला जाऊ?

मला वाटायचं, तिला तू हवा होतास. सहा वर्षं मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, आणि प्रत्येक घासाला मनात म्हटलं, तुला तर तो हवा होता. तोंडाने नाही म्हटलं कधी. पण तिला ऐकू येत होतं, हे तूच कळवलंस. माझ्या हाताचा राग तिला कळत असेल. आणि तिला काय वाटलं असेल, सांगू? तिला वाटलं असेल की राग आला, म्हणजे आता पोरगी करेल लग्न. वाट बघत राहिली असेल.

तू स्वतःला दोष देतोस ते दे. मी त्यातला काढून घेणार नाही आणि माझ्यातला तुला देणार नाही. दोघांना पुरून उरेल एवढा आहे. पण पुस्तक बांध. छत्रीचं घे, पाण्याचं घे, माझी चार वर्षांची खोटीही घे. भिंतीचं घे, जळकं घे, मावशींचं घे. सगळी घे. भोकं पडलेल्या कागदातूनच शिव. तुझी पत्रं वेगळ्या गठ्ठ्याने पाठवली आहेत.

आज गुरुवार. इस्त्री तापवली. माझा एकच कोट होता, तो झाला. मग हा कागद पुढ्यात घेतला आणि तिच्यासारखी तिघडी घालून बघितली, खालची आधी. जमली. पण वरून इस्त्री फिरवायला हात होईना. हे पत्र तुला तसंच चुरगळलेलं मिळेल.

एक सांगायचं राहिलं. पिशवी भरायची तेव्हा तिला तुझं नाव आठवत नव्हतं, माझं आठवत नव्हतं, बाबा गेलेले आठवत नव्हते. का भरायची तेही तिला माहीत नसावं. तरी रोज सकाळी भरायची. शेवटच्या दिवशीसुद्धा भरून दाराशी ठेवली होती, दोन जोड आणि वर फणी. ती गेल्यावर माणसं येणार म्हणून वाटेतून उचलली आणि मी ती नेहमीसारखी रिकामी करून कपाटात लावून टाकली.

तुझी,
ताई